लसीनंतर काय होऊ शकते? : नेहमीचे आणि क्वचित घडणारे परिणाम



वार्षिक अहवालात जमाखर्चाचे आणि रुग्णसेवेचे तक्ते असतातच. त्यांच्या जोडीला एखाद्या आरोग्यविषयाची सविस्तर माहितीही वाचकांच्या हाती पडावी, या हेतूने प्रस्तुत लेख सादर करीत आहोत. यंदा आम्ही लसीकरणानंतरच्या परिणामांचा विषय निवडला आहे. लसीकरण कक्षात पालक जे प्रश्न विचारतात, त्यांतील बहुतेक याच विषयाभोवती फिरतात. आणि जे पालक काही न विचारता निघून जातात, त्यांच्या मनातही बहुधा हाच प्रश्न असतो.

दीड महिन्याच्या बाळाला लस टोचली जाते. रात्री अंग तापते, मांडी सुजते, बाळ किरकिर करते आणि घरातील कोणालाच झोप लागत नाही. महिन्याभराने दुसऱ्या मात्रेची तारीख येते, तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, 'मागच्या वेळी लेकराला किती त्रास झाला, आता नको.' पत्रकावरील पुढचे रकाने कोरे राहतात. ताप दोन दिवसांत गेलेला असतो. परंतु अपुऱ्या लसीकरणाचा धोका पुढे अनेक वर्षे त्या बाळाच्या सोबत राहतो. हा ताप येणार आहे, तो का येतो आणि किती दिवस राहतो, एवढे त्या मातेला आधी कोणी समजावून सांगितले असते, तर पुष्कळ वेळा ती परत आली असती. लसीच्या परिणामांविषयी मोकळेपणाने बोलल्यास लोक घाबरतील, असा एक समज आहे. आमचे मत याच्या नेमके उलट आहे. न सांगितलेल्या परिणामांचीच भीती अधिक वाटते.

ताप का येतो?

लस म्हणजे रोगजंतूची ओळख करून देणारा एक धडा होय. काही लशींत दुर्बल केलेला जिवंत जंतू असतो, काहींत मारलेला जंतू, तर काहींत जंतूचा एखादाच भाग किंवा निष्प्रभ केलेले विष असते. शरीराची संरक्षणयंत्रणा या परक्या पदार्थाला ओळखते, त्याच्याशी झुंजण्यासाठी पेशी गोळा करते आणि ही ओळख स्मरणात साठवते. पुढे खरा जंतू शरीरात शिरला की ही यंत्रणा वेळ न दवडता कामाला लागते. पेशी गोळा होताना टोचलेल्या जागी रक्तपुरवठा वाढतो. म्हणून ती जागा लाल होते, सुजते, दुखते. याच वेळी काही रासायनिक द्रव्ये रक्तात मिसळतात आणि मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्राला शरीराचे तापमान वाढविण्याचा संदेश देतात. ताप येतो तो असा. म्हणजे लसीनंतरचा सौम्य ताप हा आजार नव्हे. तो धडा गिरवला जात असल्याची खूण आहे. याचा अर्थ, ताप आला नाही तर लस लागू पडली नाही, असा मात्र मुळीच नाही. कित्येक बालकांना कोणताही त्रास न होता पूर्ण संरक्षण मिळते.

हा अनुभव आपल्या प्रांताला नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी तेथे प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखली आणि काही दिवसांत ते बरे झाले. आपल्या शरीरावरील हे परिणाम पाहून मगच त्यांनी ती लस इतरांना दिली. त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले. तीच मुंबईची हाफकिन संस्था.

नेहमी दिसणारे परिणाम

प्रत्येक लसीचे परिणाम निरनिराळे असतात आणि ते दिसण्याची वेळही निरनिराळी असते. ही वेळ पालकांना ठाऊक असणे फार उपयोगाचे आहे.

जन्मतः डाव्या दंडावर दिली जाणारी बीसीजी ही क्षयरोगावरील लस. तिच्यामुळे लगेच काहीही दिसत नाही. दोन ते सहा आठवड्यांनी त्या जागी छोटीशी गाठ येते, ती पिकते, फुटते, थोडा पू येतो आणि पुढील काही आठवड्यांत जखम सुकून कायमचा व्रण राहतो. ही लसीची अपेक्षित वाटचाल आहे. त्यावर मलम, हळद किंवा चुना लावू नये, पिळू नये. जागा स्वच्छ व कोरडी ठेवावी. काही बालकांना व्रण उमटत नाही. त्यांना लस पुन्हा देण्याची गरज नसते.

सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना मांडीत दिली जाणारी पेंटाव्हॅलंट लस घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब जंतूमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर या पाच रोगांपासून संरक्षण देते. रात्रीचे जागरण बहुधा हीच लस घडविते. तिच्यातील डांग्या खोकल्याच्या घटकात संपूर्ण जंतू मारून घातलेला असतो. त्यामुळे निम्म्यापर्यंत बालकांना ताप येऊ शकतो आणि तितक्याच प्रमाणात सूज व वेदना आढळतात. हा त्रास पहिल्या चोवीस तासांत सुरू होतो आणि साधारणतः दोन दिवसांत शमतो. सूज ओसरल्यावरही टोचलेल्या जागी वाटाण्याएवढी टणक गाठ काही आठवडे राहू शकते. ती दुखत नसेल, लाल होत नसेल आणि वाढत नसेल, तर चिंतेचे कारण नाही.

गोवर-रुबेला लसीची तऱ्हा वेगळी आहे. ही जिवंत, दुर्बल केलेल्या विषाणूंची लस असल्यामुळे विषाणू शरीरात थोडा वाढल्यानंतरच परिणाम दिसतात. म्हणून ताप त्याच रात्री न येता पाच ते बारा दिवसांनी येतो. काही बालकांच्या अंगावर फिकट पुरळही उठते. पुष्कळ पालकांना तोवर लसीचा विसर पडलेला असतो आणि पुरळ पाहून बाळाला गोवरच निघाला, असे ते समजतात. हे पुरळ दोन-तीन दिवसांत मावळते.

तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या पोलिओ व रोटाव्हायरस लसींनंतर बहुतेक बालकांना काहीच जाणवत नाही. क्वचित सौम्य जुलाब किंवा चिडचिड होते. दहा व सोळा वर्षांच्या मुलामुलींना दिल्या जाणाऱ्या धनुर्वात-घटसर्प लसीनंतर दंड एक-दोन दिवस दुखतो.

घरी काय करावे, हे थोडक्यात सांगता येईल. बाळाला वरचेवर अंगावर पाजावे. टोचलेली जागा चोळू नये, तेथे तेलाने मालिश करू नये. स्वच्छ गार पाण्यात भिजविलेल्या कापडाची घडी हलकेच ठेवावी. ताप आल्यास डॉक्टरांनी बाळाच्या वजनानुसार सांगितलेल्या मात्रेतच पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन देऊ नये. शेजारच्या मुलाची बाटली आणि तिचा चमचा अंदाजाने वापरू नये. औषधाचे थेंब आणि पातळ औषध यांची तीव्रता निरनिराळी असते. आपल्या नागपुरात आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना लस घेतलेल्या बाळाला कुंची घालून, दोन दुपट्यांत गुंडाळून ठेवले, तर ताप उतरण्याऐवजी चढतो. अशा वेळी एकच सुती झबले पुरे.

क्वचित घडणारे परिणाम

सौम्य परिणामांपलीकडे काही गंभीर परिणामही आहेत. ते दुर्मिळ आहेत; परंतु ते नाहीतच, असे म्हणणे खोटे ठरेल. म्हणून ते येथे क्रमाने देत आहोत.

पेंटाव्हॅलंट लसीनंतर काही बालके तीन तासांहून अधिक काळ अखंड, मोठ्याने रडतात. याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी असते आणि त्याने कायमची हानी होत नाही. याहून क्वचित एखादे बाळ लसीनंतर दोन दिवसांच्या आत एकाएकी फिके पडते, अंग सैल सोडते आणि हाकेला प्रतिसाद देईनासे होते. हे दृश्य पालकांना हादरविणारे असते. ही अवस्था आपोआप निवळते. तरीही अशा बाळाला तत्काळ रुग्णालयात आणून निरीक्षणाखाली ठेवणे आवश्यक आहे.

ताप चढल्यामुळे येणारी आकडी, म्हणजेच तापातील झटके, हा आणखी एक परिणाम. गोवराचा घटक असलेल्या लसीनंतर साधारणतः दर तीन ते चार हजार मात्रांमागे एका बालकात तो आढळतो. सहा महिने ते पाच वर्षे या वयात कोणत्याही कारणाने ताप चढला, तरी काही मुलांना अशी आकडी येते. ती बहुधा काही मिनिटांत थांबते आणि मेंदूला इजा करीत नाही. त्या वेळी बाळाला कुशीवर वळवावे. तोंडात चमचा, बोट, पाणी किंवा कांदा घालू नये आणि त्वरित रुग्णालय गाठावे. याच लसीनंतर सुमारे तीस ते चाळीस हजार मात्रांमागे एकदा रक्तातील बिंबिका तात्पुरत्या कमी होऊन अंगावर जांभळे ठिपके उमटू शकतात. बीसीजीनंतर काखेतील अवधाण वाढून पिकण्याचा प्रकार हजार ते दहा हजार बालकांमागे एखाद्यात घडतो. जन्मजात प्रतिकारशक्ती अत्यंत क्षीण असलेल्या बालकांत बीसीजीचा जंतू शरीरभर पसरण्याचा धोका असतो. मात्र तो दहा लाखांत काही थोड्यांपुरताच आहे.

सर्वांत तातडीचा परिणाम म्हणजे तीव्र ॲलर्जी. वैद्यकीय भाषेत तिला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. अंगावर गांधी उठणे, ओठ व पापण्या सुजणे, आवाज बसणे, श्वास लागणे, नाडी जलद व क्षीण होणे ही तिची लक्षणे. दहा लाख मात्रांमागे साधारणतः एकदा ती उद्भवते. तिचे बहुतेक प्रसंग लसीनंतर पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतात आणि मांडीच्या स्नायूत वेळेवर दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन रुग्णाला वाचविते. हे औषध स्वस्त आहे आणि त्याची कुपी करंगळीएवढी असते. प्रश्न असतो तो ती कुपी हाताशी असण्याचा, ती टोचणारा हात प्रशिक्षित असण्याचा आणि मुख्य म्हणजे रुग्ण समोर असण्याचा.

याचे सार्वजनिक नोंदीतील उदाहरण आपल्या देशात कोविड लसीकरणाच्या वेळी दिसले. १६ जानेवारी २०२१ रोजी ही मोहीम सुरू झाली. त्या वर्षी जून महिन्यात राष्ट्रीय समितीने गंभीर घटनांपैकी ३१ प्रकरणांचा कार्यकारणभाव तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील १८ घटना योगायोगाच्या ठरल्या, सात अनिर्णीत राहिल्या, दोनांचे वर्गीकरण माहितीअभावी करता आले नाही, एक भीतीमुळे घडलेली होती आणि तीन लसीमुळेच घडल्या होत्या. या तिन्ही घटना ॲनाफिलॅक्सिसच्या होत्या. दोघे जण रुग्णालयातील उपचारांनी बरे झाले. ८ मार्च २०२१ रोजी लस घेतलेल्या ६८ वर्षांच्या एका गृहस्थांचा मृत्यू झाला. लसीमुळे मृत्यू झाल्याची कबुली शासकीय समितीने उघडपणे दिली, ही गोष्ट आम्हास महत्त्वाची वाटते. आमच्या कक्षात लस टोचल्यानंतर अर्धा तास बसवून ठेवण्याचा जो आग्रह आम्ही धरतो, आणि ज्यावर घाईतील पालक कधी कधी नाराज होतात, त्यामागचे कारण हेच आहे.

दोष लसीचा की हाताळणीचा?

लसीनंतर घडलेली प्रत्येक अनिष्ट घटना लसीमुळेच घडते असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अशा घटनांचे पाच प्रकार केले आहेत : लसीच्या गुणधर्मामुळे, लसीच्या सदोष उत्पादनामुळे, देण्यातील चुकीमुळे, टोचण्याच्या भीतीमुळे आणि निव्वळ योगायोगाने घडलेल्या. यांतील तिसरा प्रकार आम्हा रुग्णालयांच्या दृष्टीने सर्वांत जबाबदारीचा आहे, कारण तो पूर्णतः टाळता येण्याजोगा आहे.

या प्रकारचे सर्वांत गाजलेले उदाहरण हाफकिन यांच्याच प्लेगच्या लसीचे. १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी एकाच बाटलीतील लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे असे दिसून आले की, गावात बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. मलेरियाच्या संशोधनामुळे ख्यातकीर्त झालेल्या रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू उचलून धरली आणि १९०७ साली ते निर्दोष ठरले. ते एकोणीस जीव मात्र परत आले नाहीत.

शतक उलटले तरी हा धडा शिळा झालेला नाही. आपल्या विदर्भातच, यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यात, ३१ जानेवारी २०२१ च्या पोलिओ रविवारी बारा बालकांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी हात स्वच्छ करण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पडले. मुलांना मळमळ व उलट्या झाल्या, त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. सुदैवाने सर्व मुले सुखरूप घरी परतली. जानेवारी २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेला लसीनंतर तीन बालके दगावली, तेव्हाही प्राथमिक चौकशीचा रोख कुप्यांच्या साठवणुकीवर आणि हाताळणीवरच राहिला.

अशा चुका टाळण्याचे नियम साधे आहेत, पण ते रोज आणि प्रत्येक वेळी पाळावे लागतात. लसी दोन ते आठ अंश तापमानात ठेवायच्या आणि त्या शीतकपाटात दुसरे काहीही ठेवायचे नाही. बीसीजी आणि गोवर-रुबेला या भुकटी स्वरूपातील लसी त्यांच्याच द्रावकात मिसळायच्या आणि चार तासांनंतर उरलेली कुपी फेकून द्यायची, कारण तिच्यात जंतूंची वाढ रोखणारे द्रव्य नसते. एकदा वापरली की आपोआप निकामी होणारी सिरिंज वापरायची. टोचण्यापूर्वी कुपीवरील नाव आणि मुदत मोठ्याने वाचायची. पालकांनीही हे वाचन ऐकावे, हवे असल्यास कुपी पाहण्यास मागावी. परिचारिकेला त्यात अपमान वाटण्याचे कारण नाही.

भीती आणि योगायोग

शाळकरी मुलांत, विशेषतः दहा ते सोळा या वयोगटात, सुई पाहूनच घेरी येण्याचे प्रसंग घडतात. एकाला घेरी आली की रांगेतील इतरांनाही मळमळते. यात लसीतील द्रव्याचा संबंध नसतो. तरी मुलांचा त्रास खरा असतो आणि पडून डोक्याला मार लागू शकतो. म्हणून अशा मुलांना उपाशीपोटी आणू नये, बसवून किंवा निजवून लस द्यावी आणि त्यांची टिंगल करू नये.

योगायोगाचा प्रकार समजावून सांगणे सर्वांत कठीण. आपल्या देशात दरवर्षी दोन कोटींहून अधिक बालके जन्मतात आणि पहिल्या वर्षात त्यांना अनेकवार लस दिली जाते. याच वयात न्यूमोनिया, जंतुसंसर्ग, हृदयातील जन्मजात दोष आणि श्वासनलिकेत दूध अडकणे यांमुळेही बालके दगावतात. यांतील काही घटना लसीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच घडणार, हे उघड आहे. ज्या मातेचे बाळ गेले, तिला मात्र काल टोचलेली सुईच आठवते. तिला 'हा योगायोग आहे' असे सांगून वाटेला लावणे वैद्यकीयदृष्ट्या आणि माणुसकीच्या दृष्टीनेही चुकीचे होय. चौकशी झाल्यावाचून कोणत्याही घटनेला योगायोग म्हणू नये. यासाठीच गंभीर घटनेची सूचना आरोग्य यंत्रणेस तत्काळ देण्याचा नियम आहे आणि जिल्हा, राज्य व राष्ट्र या तीन स्तरांवर तज्ज्ञांच्या समित्या नेमलेल्या आहेत. खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांनीही या घटना कळविणे अपेक्षित आहे. नोंद करणे म्हणजे दोष कबूल करणे नव्हे.

नोंदींमुळे काय साधले?

अशा नोंदींमुळेच लसी अधिकाधिक निर्धोक होत गेल्या. कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावयाची चौदा इंजेक्शने अनेक ज्येष्ठ वाचकांना आठवत असतील. मेंढीच्या मेंदूतील ऊतीपासून बनविलेली ती लस काही रुग्णांत मज्जासंस्थेचा दाह आणि पक्षाघात घडवीत असे. रेबीज हा एकदा लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ हमखास मृत्यू आणणारा रोग असल्याने तो धोका पत्करावा लागे. पेशीसंवर्धनावर तयार होणारी सुरक्षित लस उपलब्ध झाल्यानंतर २००४ च्या अखेरीस भारतात ती जुनी लस बंद झाली. अमेरिकेत रोटाव्हायरसची पहिली लस आतड्यात आतडे अडकण्याच्या दहा हजारांत सुमारे एक या प्रमाणातील घटना आढळताच १९९९ मध्ये मागे घेण्यात आली. आजच्या लसी तिच्याहून वेगळ्या आहेत. पोलिओच्या थेंबांतील दुर्बल विषाणू अत्यंत क्वचित स्वतःच पक्षाघात घडवू शकतो. म्हणूनच भारतात २०१५ च्या अखेरीपासून मारलेल्या विषाणूची पोलिओ लस टोचून देण्यास सुरुवात झाली आणि एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू वगळण्यात आला.

कोविशिल्ड लसीनंतर रक्तात गुठळ्या होण्याच्या वृत्तांनी २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत अनेक कुटुंबे चिंतित झाली. या परिणामाची माहिती त्या वेळी नव्याने उघड झालेली नव्हती. मे २०२१ मध्येच राष्ट्रीय समितीने ४९८ गंभीर घटना तपासून त्यांतील २६ घटना या स्वरूपाच्या असू शकतात, असे जाहीर केले होते; दर दहा लाख मात्रांमागे हे प्रमाण ०.६१ इतके होते. हा परिणाम लसीनंतर काही दिवसांत ते काही आठवड्यांत होतो. त्यामुळे अनेक वर्षांपूर्वी लस घेतलेल्यांनी आज या कारणासाठी काळजी करण्याचे किंवा तपासण्या करून घेण्याचे कारण नाही.

तराजूचे दुसरे पारडे

परिणामांचे वजन करताना रोगाचे पारडेही पाहावे लागते. गोवर झालेल्या मुलांपैकी वीसात सुमारे एकाला न्यूमोनिया होतो आणि हजारात सुमारे एकाला मेंदूज्वर. कुपोषित बालकांत मृत्यूचे प्रमाण आणखी वाढते. तापातील आकडी हा लसीचा क्वचित परिणाम. पण गोवराच्या आजारात ती कितीतरी अधिक वेळा येते. २०२२ च्या ऑक्टोबरपासून मुंबईतील गोवंडी, तसेच भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला आणि त्यात लहान मुले दगावली. कोविडच्या काळात अनेकांच्या मात्रा राहून गेल्या होत्या आणि विषाणूने नेमकी तीच घरे गाठली. उलट, घरोघरी थेंब पोहोचविल्यामुळे १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण आढळलेला नाही आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. पायात कॅलिपर घातलेली मुले आज शाळेत दिसत नाहीत, म्हणून आपल्याला त्या रोगाचा विसर पडला आहे. लसीच्या तापाची आठवण तेवढी ताजी राहते.

पालकांनी लक्षात ठेवावे असे काही

लस घेण्यापूर्वी परिचारिकेला पुढील गोष्टी अवश्य सांगाव्यात : मागील मात्रेनंतर श्वास लागणे, गांधी उठणे, आकडी किंवा शुद्ध हरपणे असे काही झाले होते काय, बाळाला प्रतिकारशक्तीचा काही आजार आहे काय, ते सध्या स्टेरॉइडसारखे औषध घेत आहे काय, आज ते फार आजारी आहे काय. साधी सर्दी, किरकोळ ताप, सौम्य जुलाब किंवा दात येणे ही लस पुढे ढकलण्याची कारणे नव्हेत. बाळ अशक्त आहे म्हणूनही लस टाळू नये. अशक्त बाळालाच तिची गरज अधिक असते.

पुढील लक्षणे दिसल्यास दिवस-रात्र न पाहता रुग्णालयात यावे : श्वास लागणे किंवा ओठ निळे पडणे, चेहरा सुजणे, आकडी, बाळ सैल पडणे किंवा उठविल्यावरही न उठणे, तीन तासांहून अधिक अखंड रडणे, दूध पूर्णपणे सोडणे, दोन दिवसांपलीकडे टिकणारा किंवा फार चढलेला ताप, टोचलेल्या जागेची लाली व सूज वाढत जाणे. येताना लसीकरणाचे पत्रक सोबत आणावे. कोणती लस, कोणत्या तारखेस दिली, हे त्यावरून क्षणात कळते.

लस दिल्यावर परिचारिकेने चार गोष्टी सांगाव्यात, असा शासनाचाही संकेत आहे : कोणती लस दिली आणि ती कोणत्या रोगापासून वाचविते, कोणता त्रास होऊ शकतो आणि त्यावर काय करावे, पुन्हा केव्हा यावे, आणि पत्रक जपून ठेवून पुढील वेळी आणावे. या चार वाक्यांना दोन मिनिटेही लागत नाहीत. ती सांगितली गेली नाहीत, तर पालकांनी हक्काने विचारावीत.

देणगीदारांस निवेदन

शस्त्रक्रियागृहाला दिलेली देणगी डोळ्यांना दिसते. लसीकरण कक्षास दिलेली सहसा दिसत नाही. उन्हाळ्यात वीज गेली तरी लसींचे तापमान राखणारी व्यवस्था, रोज दोन वेळा नोंदविला जाणारा तापमापक, मुदत संपताच बदलल्या जाणाऱ्या ॲड्रेनॅलिनच्या कुप्या, लहान बालकास बसेल असा प्राणवायूचा मुखवटा, परिचारिकांचे पुनःपुन्हा होणारे प्रशिक्षण आणि अर्धा तास थांबणाऱ्या मातांसाठी पंख्याखालची बाके, अशा गोष्टींवर तो निधी खर्च होतो. या साधनांपैकी काहींचा उपयोग वर्षानुवर्षे करावा लागणार नाही, अशीच आमची इच्छा आहे. तरीही ती तयार असावी लागतात, कारण दहा लाखांतील ते एक मूल कोणत्या दिवशी आणि कोणाच्या कडेवर येईल, हे कोणालाच सांगता येत नाही.

वाचकांनी एक काम आमच्यासाठी करावे, ही नम्र विनंती. आपल्या घरी, शेजारी किंवा आपल्याकडे कामास येणाऱ्या ताईंच्या घरी लहान बाळ असेल, तर त्याचे लसीकरणाचे पत्रक एकदा मागून पाहावे. एखादा रकाना कोरा आढळल्यास त्यामागचे कारण आपुलकीने विचारावे. ते कारण पुष्कळदा मागच्या वेळचा ताप हेच असेल. तो का आला होता, हे आता आपण त्यांना सांगू शकाल. राहिलेली मात्रा उशिरानेही घेता येते आणि बहुतेक वेळा पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागत नाही. त्या मातेला एवढे सांगून लसीकरणाच्या दिवशी सोबत घेऊन यावे. पुढचा अर्धा तास आम्ही त्या बाळापाशी असू.